आफ्रिकेमार्गे आजोळ

पृथ्वीच्या पाठीवरच्या यच्चयावत माणसांना एका पंगतीत बसवून प्रत्येकाची प्रत्येकाशी सोयरीक लावून दाखवील, असा माणूस सध्या एकच आहे. तो कोल्हापुरात राहतो आणि माझा साडू आहे. यातल्या शेवटच्या गोष्टीत माझं काही कर्तृत्व नाही. त्यांनी थोरली बहीण केली, मी धाकटी केली, इतकंच. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी हा धिप्पाड गृहस्थ माझ्या खांद्यावर हात टाकून शेजारी बसला आणि म्हणाला, "पावणं, मूळ गाव?" मी गाव सांगितलं. "त्याच्या आधी?" पणजोबा कोकणातून घाट चढून आले असं ऐकून होतो, ते सांगितलं. "त्याच्या आधी?" मी मान हलवली. "म्हाईत न्हाय न्हवं? मी सांगतो की. आफ्रिका!" एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. सासरची सगळी मंडळी खो खो हसली. साडू माझ्या रंगावरून बोलले अशी माझी समजूत झाली आणि पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्यावर डूख धरून होतो. लग्नात त्यांनी तोच प्रश्न भटजींना विचारला आणि गोऱ्यापान भटजींनाही आफ्रिकेत पोचवलं, तेव्हा कुठे माझा राग गेला.

आता कोल्हापुरात नवख्या माणसाला गाव विचारणं ही काही कुणाची खोड नव्हे, तो इथला शिरस्ता आहे. दोन अनोळखी माणसं चहाच्या गाड्यावर शेजारी उभी राहिली, की कपातला चहा संपायच्या आत एकाची चुलत आत्या दुसऱ्याच्या गावात दिलेली निघते. मग दोघं अजून एकेक चहा घेतात. साडूंचं वेगळेपण एवढंच, की बाकीचे जिथे थांबतात तिथे ते थांबत नाहीत. त्यांची सोयरीक तालुका ओलांडते, घाट उतरते, समुद्र पार करते आणि साठ-सत्तर हजार वर्षं मागे जाऊन आफ्रिकेच्या एखाद्या माळावर पथारी पसरते. एकदा कावळा नाक्यावर त्यांना हेल्मेट नाही म्हणून हवालदारानं अडवलं. साडूंनी त्याला गाव विचारलं. त्यानं भुदरगडकडचं गाव सांगितलं. त्याच्या आधी? त्याच्या आधी? हवालदारही रंगला आणि आजोबांच्या गोष्टी सांगू लागला. मागे गाड्यांची ही लांब रांग लागली, हॉर्न कोकलायला लागले, तरी साडू तांबड्या समुद्राच्या काठाकाठानं माणसांची टोळी पुढे आणतच होते. शेवटी हवालदारानं हात जोडले. "काका, तुमी आफ्रिकेला जावा, न्हाईतर कुटंबी जावा, पण आदी हितनं जावा!"

शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री आहे. पंपांचे, मोटारींचे लोखंडी भाग तिथे ओततात. ओतकामाला काळी वाळू लागते, आणि ती जमिनीवर पसरलेली असली की साडूंच्या हाताला खाज सुटते. हातातल्या सळईनं ते आधी आफ्रिका काढतात, मग अरबस्तान, मग आपला किनारा. आणि कुणाही आल्यागेल्याला त्या वाळूतून चालवत हिंदुस्थानात आणतात. कामगार बिहारचे, ओडिशाचे, आसामचे, तमिळनाडूचे. नवा माणूस आला की हजेरी नंतर; आधी त्यानं त्याच्या बोलीत आईला काय म्हणतात, पाण्याला काय म्हणतात, हे सांगायचं. मग साडू ते खडूनं भिंतीवर लिहितात. "भाषा म्हंजे चालत्या माणसाच्या पायाची धूळ हाय," असं ते म्हणतात, "माणूस जातंय, धूळ ऱ्हाती." ती अख्खी भिंत आता देशभरातल्या आयांनी भरलेली आहे. पुण्याहून माल बघायला आलेल्या एका साहेबांनी ती न्याहाळून विचारलं, "हे तुमचं उत्पादनाचं नियोजन का?" साडू म्हणाले, "न्हाय साहेब, ह्यो जुना स्टॉक हाय." त्या भिंतीवर पाण्यापेक्षा आईचेच शब्द जास्त का आहेत, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडला नाही.

जेवणाच्या ताटावरही त्यांचं हेच. आमच्याकडे रविवारी जेवायला आले की पहिला घास घ्यायच्या आधी ते ताटातल्या प्रत्येक पदार्थाचं मूळ गाव काढतात. ज्वारी आफ्रिकेची. नाचणी आफ्रिकेची. तांबड्या रश्श्यातली मिरची तर पार पलीकडच्या अमेरिकेतून जहाजानं आलेली. "कोल्हापूरची मिरची, कोल्हापूरची मिरची म्हणून छाती बडवताय, ती बी पावणीच हाय," असं म्हणत ते रस्सा ओरपतात. एकदा माझ्या बायकोनं वैतागून विचारलं, "अहो दाजी, मग या ताटात आपल्या कोल्हापूरचं आहे तरी काय?" "भूक की!" असं म्हणून त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

पुरातन अवशेषांच्या बाबतीत मात्र साडूंचा उत्साह त्यांच्या अभ्यासाच्या चार पावलं पुढे पळतो, हे त्यांचा माणूस म्हणून मलाही कबूल केलं पाहिजे. गावात कुठेही पाया खणायला जेसीबी लागला, की हे खड्ड्यात. खापरं, दगड, मणी, जे हाताला लागेल ते धुऊन, पुसून गॅलरीत मांडून ठेवतात, आणि आक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी, पापड वाळवायला जागा उरली नाही म्हणून कपाळ बडवून घेतात. एकदा आमच्या कॉलनीतल्या खड्ड्यात त्यांना एक लांबलचक हाड सापडलं. ते कापसात गुंडाळून त्यांनी सगळ्या कॉलनीला दाखवलं. हा आदिमानव होता, शिकारी होता, डाव्या पायानं थोडा लंगडत असावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली. तेवढ्यात कोपऱ्यावरचे जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हाड हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "गेल्या म्हाईच्या जत्रेतलं बोकड हाय. मीबी जेवलोय ह्यातलं." साडू जराही खजील झाले नाहीत. बोकडाचं मूळ गाव कुठलं, यावर त्यांनी डॉक्टरांना पाऊण तास बोलून जेरीला आणलं.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. साडू प्रवासाला निघाले की नकाशा बघत नाहीत. मोबाईलमधली बाई "डावीकडे वळा" म्हणाली की ते तिला गप्प करतात. "माणूस आफ्रिकेतनं हितवर काय हिला इच्यारत आला व्हय?" असं त्यांचं म्हणणं. त्यांचा भरवसा वाटेवरच्या माणसांवर. माणसाला वाट विचारायची म्हणजे आधी त्याचं गाव विचारायचं, त्याच्या आधीचं विचारायचं, आणि तोवर आपण कुठे निघालो होतो ते विसरायचं. त्यांच्याबरोबर निघालेला माणूस लग्नाला मुहूर्तावर पोचल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि एक बैलांचं. आपल्याकडे बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा येतो, आधी कर्नाटकी आणि मग महाराष्ट्रीय. साडूंचं मूळ गाव कागलजवळचं; तिथे त्यांच्या भावकीत महाराष्ट्रीय बेंदूर पाळतात. पण साडू न चुकता कर्नाटकी बेंदराला फाउंड्रीतल्या मातीचे दोन बैल स्वतःच्या हातानं करतात, आणि त्या बैलांच्या माना मागे वळलेल्या असतात. चालता चालता कुणीतरी हाक मारली म्हणून मागे बघावं, तशा. आम्ही सगळे त्यांची थट्टा करायचो. मी तर एकदा म्हणालो होतो, "साडू, बैलाला मानेचा पट्टा घाला." एरवी कशावरही पाऊण तास बोलणारा हा माणूस तेव्हा नुसता हसला आणि बैलाच्या मानेवरची माती ओल्या बोटानं गुळगुळीत करत बसला.

चारेक वर्षांपूर्वी त्यांच्या बंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकीनं बापाची आवड ओळखून त्यांना वाढदिवसाची भेट पाठवली. नळीत थुंकायचं, ती नळी पाठवून द्यायची, मग आपले पूर्वज कुठून कुठे चालत आले ते तपासून कळवतात. लेकीनं आई आणि बाप दोघांसाठी दोन नळ्या पाठवल्या होत्या. आक्कांनी त्यांची नळी परत केली. "मला माझं म्हायार म्हाईत हाय," असं त्या सहज बोलून गेल्या. साडूंनी ती नळी उचलून गाडीच्या कप्प्यात टाकली. थुंकण्याच्या कार्यक्रमाला मात्र आम्हाला सहकुटुंब आमंत्रण होतं. आयुष्यभर रस्त्यात थुंकणाऱ्यांच्या अंगावर धावून गेलेला हा माणूस आंघोळ करून, पाटावर बसून थुंकायला सज्ज झाला. त्याआधी अर्धा तास चहा घ्यायचा नव्हता, त्यामुळे निम्मा जीव गेलेला. उरलेला उत्सुकतेनं. तोंडाला कोरड पडली आणि नळी काही भरेना. आम्ही सगळे धीर देत होतो. शेवटी आक्कांनी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून त्यांच्या नाकासमोर उघडली, तेव्हा कुठे मानवजातीचा इतिहास पुढे सरकला.

निकाल आला त्या दिवशी आम्ही साडूंच्याच घरी होतो; ते स्कूटर फाटकाशी आडवी टाकून ओरडतच घरात शिरले. "आई घावली! पावणं, आई घावली!" अर्धी कॉलनी गोळा झाली. पेढ्यांचे पुडे सुटले. मग त्यांनी उलगडून सांगितलं. प्रत्येकाच्या अंगात एक धागा असा असतो, की तो फक्त आईकडून येतो. तिला तिच्या आईकडून, तिला तिच्या. साडूंचा हा आईकडचा धागा, पहिल्यांदा आफ्रिकेतून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं या देशात पोचलेल्या माणसांपर्यंत जात होता. "आमची आई हितली सगळ्यात जुनी बाई हाय!" असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगत होते. सगळे हसत होते. आक्का हसत नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ जाऊन बसल्या, आणि मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

साडूंचे वडील ट्रकवर होते. एका खेपेहून ते परत आले ते शेजारी बायकोला बसवूनच. न विचारता केलेली सून. घरानं तिला आत घेतलं, पण आपलं म्हटलं नाही. नाव बदलून पार्वती ठेवलं. जिथे रस्त्यावरच्या परक्या माणसालाही आधी गाव विचारतात, तिथे त्या पोरीला तिचं गाव कुणी कधी विचारलं नाही. साडू शाळेत जायला लागले न लागले तोच ती तापानं गेली. वडिलांनी तोंड मिटून घेतलं ते मरेपर्यंत. साडू तिचे एकुलते एक. तिची आठवण म्हणून त्यांच्याजवळ काय, तर तिला ते अव्वा म्हणायचे, ती त्यांना मगा म्हणायची, आणि ती मातीचा करायची तो मागे बघणारा बैल. पोरगं म्हणून हाक मारायला मगा म्हणायची त्या अर्थी कानडी मुलखातली. पण कानडी मुलूख म्हणजे काय परसातला वाफा आहे? दर मे महिन्यात गल्लीतली पोरं आजोळी जायची. कुणी विचारलं, तू का रे जात नाहीस, तर हे सांगायचे, "माझं आजोळ लई लांब हाय. यष्टी जात न्हाय तितं." आक्का डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "हेंचं आजोळ आफ्रिकेत घावलं बगा शेवटाला." बाहेर साडू कुणाला तरी पेढा भरवत होते.

मला वाटलं होतं की आता साडू आभाळात जातील. झालं उलटंच. पेढे संपले आणि माणूस मिटला. एके संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो असताना म्हणाले, "पावणं, त्यो धागा बाईच पुढं नेती. बाप्या नुस्ता धरून बसतो. अव्वाला लेक न्हाय, मी एकटाच. माझ्या लेकीत तुमच्या आक्काचा धागा हाय, अव्वाचा न्हाय. आफ्रिकेपासनं चालत आलेली वाट, आन माझ्यापाशी येऊन थांबली." मी काहीतरी समजुतीचं बोललो, ते आता आठवत नाही, आणि आठवण्यासारखं नसणारच. शेजारी एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले, आमच्याकडे बघून हसले. साडूंनी त्यांना गाव विचारलं नाही. मला भीती वाटली ती तेव्हा.

त्यानंतरचा कर्नाटकी बेंदूर. हद्दीकडच्या एका गावात माझ्या बायकोच्या भाच्याच्या पोराचं जावळ होतं. बायका आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. मी साडूंची गाडी चालवत होतो, साडू शेजारी. कागल ओलांडलं. मोबाईलमधली बाई बोलायला लागली, साडूंनी तिला गप्प केलं. निदान एवढी खोड शाबूत आहे म्हणून मला बरंच वाटलं. पण वाटेत कुणालाही काही विचारायची त्यांना इच्छा नव्हती, त्यामुळे आम्ही नेहमीपेक्षाही लवकर चुकलो. उसाच्या दोन फडांमधून रस्ता एका लहानशा गावात शिरला आणि एका गल्लीच्या तोंडाशी अडकला. मी गाडी वळवण्यासाठी मागे घेत होतो. "थांबा," साडू म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. मी बघितलं. समोरच्या घराच्या कट्ट्यावर हळदकुंकू वाहिलेले मातीचे दोन बैल मांडले होते. शेजारच्या कट्ट्यावर दोन. त्याच्या पलीकडे दोन. सगळ्या गल्लीतल्या बैलांच्या माना मागे वळलेल्या होत्या.

पहिल्या कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती. साडू तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, पण ज्यांना जन्मभर एकच प्रश्न विचारता आला त्यांना तो आठवेना. शेवटी मीच विचारलं, "आज्जी, हे बैल मागं का बघतात?" म्हातारी म्हणाली, "घरातनं भायेर पडणारं जनावर मागं बगत गेलं तर परतीची वाट ध्यानात ऱ्हाती, म्हनून. आमच्या आज्जीच्या बी आदीपासनं हाय. ह्या गल्लीतच करत्यात, दुसरीकडं कुटं न्हाय." मग तिनं साडूंकडे बघितलं. "आनी तुमी कुटनं आलासा, पावणं? गाव कुटलं तुमचं?"

साडूंनी एका बैलाच्या वळलेल्या मानेवर बोट ठेवलं. "आमची अव्वा करायची असले बैल," एवढंच म्हणाले. "कुनाची अव्वा?" "माझी. बा ट्रकवर होता माझा." म्हातारी कट्ट्याला हात टेकून उठली. साडूंचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं जवळून बघितला. डोळे अधू झालेले असावेत. "यप्पा! ट्रकवाल्याबरूबर गेली ती माझी थोरली भैन. आमच्या बानं सांगटलं, मेली म्हना. मी फाट्यावर बगत बसायची की रं रोज." साडूंनी विचारलं, "नाव काय हुतं तिचं?" वयाची सत्तरी जवळ आलेला माणूस स्वतःच्या आईचं नाव विचारत होता. म्हातारी म्हणाली, "बाळव्वा." साडूंनी ते नाव ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा म्हणून बघितलं.

इथून पुढे जे घडलं ते फक्त माझे साडूच करू शकतात. म्हातारी, तिचं नाव शिवव्वा, त्यांना ओढून घरात न्यायला बघत होती, गल्ली गोळा झाली होती, आणि साडू उंबऱ्याशी पाय रोवून, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत म्हणत होते, "असं लगीच मावशी म्हणता येत न्हाय. दुसऱ्या कुनाच्या बी भैनी ट्रकवाल्याबरूबर गेल्या असतील. तपासनी झाली पायजे!" शिवव्वाला यातलं अक्षर कळलं नाही. लेकरू आलंय, दृष्ट काढायला हवी, एवढं तिला कळत होतं. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि थू थू करणार, तोच साडू ओरडले, "मावशी, ती थुकी वाया घालवू नगा!" आणि गाडीकडे धावले. कप्प्यात आक्कांनी नाकारलेली नळी होती. एरवी तपासणीच्या आधी मावशी म्हणायचं नाही असं बजावणारा माणूस धावता धावता मावशी म्हणून गेला, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. शिवव्वानं अर्धा तास पानाला हात न लावता वाट बघितली आणि मग खुणेच्याही वरपर्यंत नळी भरून दिली. आम्हाला लोणच्याची बरणी शोधावी लागली होती.

जावळ अर्थातच चुकलं. बायकोनं फोनवर माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही, आणि आक्कांना साडूंनी फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी गाडीपासून लांब जाऊन उभा राहिलो.

निकाल यायला वेळ लागला. त्या काळात साडूंनी माझी झोप उडवली. शेवटी तो आला आणि आईकडचा धागा टोकापासून टोकापर्यंत तोच निघाला. पण एवढ्यावर साडू समाधान मानतात होय? धागा जुना आहे, हजारो लोकांत सापडेल, असं स्वतःच म्हणून त्यांनी लेकीकडून बाकीचे धागेही जुळवून घेतले. सख्ख्या मावशी-भाच्यात जेवढं जुळावं तेवढं जुळलं. मग मात्र त्यांनी जो आनंद केला, तो कोल्हापूरनंही क्वचित बघितला असेल. आम्ही सगळे दोन गाड्या भरून त्या गावाला गेलो. गल्लीच्या तोंडाशी तिथल्या तरुण मंडळींनी भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं. एका बाजूला फेट्यातले साडू, एका बाजूला आफ्रिकेचा नकाशा, आणि मध्ये ठसठशीत अक्षरांत, "सत्तर हजार वर्षांनंतर आजोळी आगमनाबद्दल भाच्याचे हार्दिक स्वागत." खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या सगळ्या लहानथोरांचे फोटो. हलगी कडाडत होती. शिवव्वानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत तिची लेक होती, लेकीची लेक होती, आणि पाळण्यात त्या नातीची नुकती जन्मलेली मुलगी. साडू पाळण्याशी गेले, हलगी थांबवायला त्यांनी हात वर केला आणि भरल्या घराला त्यांनी धाग्याचं सगळं पुराण पहिल्यापासून सांगितलं. मावशीचा लेकीत, लेकीचा नातीत, नातीचा ह्या पोरीत. "अव्वाचा धागा माझ्यापाशी संपला न्हाय!" ते ओरडले. "हित्तं हाय त्यो! पाळन्यात झोपलाय!" ओरडण्यानं ती पोर दचकून जागी झाली आणि तिनं असं काही भोकाड पसरलं, की हलगीवाला पुन्हा सुरू झाला. आक्का रडत होत्या, माझी बायको रडत होती. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता साडू दर मे महिन्यात आजोळी जातात. जाताना पिशवी भरतात, परकर-पोलकी, खेळणी, आणि शिवव्वासाठी पान. तिथे शिवव्वा त्यांना विहिरीकडे जाऊ नको म्हणून दरडावते, दुपारी झोप म्हणून ओरडते, आणि हा गडी निमूटपणे घोंगड्यावर आडवा होतो. त्यांना आणायला मीच जातो. गाडी गल्लीतून बाहेर पडून उसाच्या फडांपाशी वळली तरी त्यांची मान मागे वळलेली असते. मी गाडी जरा हळू चालवतो. गेल्या खेपेला शिवव्वानं निघताना त्यांना विचारलं होतं, "तिला तिकडं कुनीच इच्यारलं न्हाय व्हय रं, तू कुटली म्हनून?" कागल येईपर्यंत साडूंनी मान पुढे वळवली नाही.

परवा फाउंड्रीत गेलो होतो. ओडिशाचा साचे भरणारा एक मोल्डर लग्न करून परतला होता आणि बायकोला घेऊन मालकाच्या पाया पडायला आला होता. पोरगी पदर पुढे ओढून, भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याचं गाव, कुळकथा, सगळं भिंतीवर कधीच लिहून झालेलं. साडू तिच्याकडे वळले आणि त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "बेटी, तेरा मायका कौनसा?" पोरगीनं नवऱ्याकडे बघितलं. मग हळूच गावाचं नाव सांगितलं, आणि मग काय झालं कोण जाणे, तिच्या भाषेत बोलतच सुटली. नदी, झाडं, कुणीतरी धाकटा भाऊ असावा, हातानं त्याची उंची दाखवत होती. आम्हाला कुणालाच काही कळत नव्हतं. साडू खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि मान हलवत ऐकत राहिले. ती थांबली तेव्हा मी सवयीनं त्यांच्या पुढच्या प्रश्नाची, 'त्याच्या आधी?'ची, वाट बघत होतो. त्यांनी तो विचारला नाही. खडू घेऊन त्यांनी त्या पोरीच्या गावाचं नाव भिंतीवर, आईच्या शब्दाशेजारी, लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.